घोड्याच्या रक्तातून सांध्यांच्या सुजेपर्यंत

१/ भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात एखाद्याला घोणस चावली, तर त्याचे प्राण वाचवणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून आलेले असते. आमवातावरची आजची महागडी ‘बायोलॉजिक’ औषधे याच कल्पनेची पुढची पिढी होत. या प्रवासाचा हा थ्रेड.

२/ १८९०, बर्लिन. बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, जंतूंचे विष बेताने टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो आणि तो दुसऱ्या प्राण्यालाही वाचवतो. हा उतारा म्हणजेच प्रतिपिंडे.

३/ महाराष्ट्रात ही विद्या रुजली ती परळच्या हाफकिन संस्थेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर घोड्यांच्या रक्तापासून तेथे प्रतिविष तयार होऊ लागले. १९६६ मध्ये पुण्यात सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. घराणे अश्वपैदाशीचे, आरंभीचे उत्पादन धनुर्वातावरील सीरम.

४/ पण घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परकेच. काही रुग्णांना ताप, पुरळ आणि सांधेदुखी होई. १९०५ मध्ये पिर्के आणि शिक यांनी या ‘सीरम आजारा’चे सविस्तर वर्णन केले. उतारा स्वतःच दाह पेटवत होता!

५/ १९७५, केंब्रिज. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी, तंतोतंत एकसारखी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. आता लक्ष्य निवडता येऊ लागले.

६/ आमवातात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. ‘टीएनएफ’ नावाचे प्रथिन हलकाऱ्यासारखे पेशींना निरोप देते. कुमक जमते, सूज वाढते, कूर्चा झिजते. १९९२ मध्ये लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी आमवाताच्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड दिले. ते टीएनएफलाच धरून ठेवते. निरोप पोहोचत नाही आणि सूज ओसरते.

७/ मात्र हाच हलकारा गडाचा पहाराही जागा ठेवत असतो. शरीरात दडलेले क्षयाचे जंतू गाठींत कोंडून ठेवण्यासाठी टीएनएफ लागते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करण्याचा दंडक पडला. घरोघरी क्षयाची आठवण असलेल्या आपल्या देशात तो विशेष मोलाचा आहे.

८/ प्रतिविष बाहेरून आलेल्या विषाला अडवते. बायोलॉजिक औषध शरीराच्या स्वतःच्या निरोपाला. हत्यार तेच, पण दुसऱ्या वेळी ते घरच्याच माणसावर उगारलेले असते. म्हणूनच ते वापरताना पहारा कुठे ढिला पडतो आहे, हे आधी पाहावे लागते.