माशांच्या टाकीचा फिल्टर: एक छोटासा इतिहास

हॉलमध्ये चार फुटी फिशटँक ठेवायला बायकोने एकदाचा होकार दिला. अट एकच. या वेळी मासे मेले, तर टाकी गॅलरीत जाणार आणि तिच्यात कोथिंबीर लागणार.

अट रास्त आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून अकरा गोल्डफिश गेले, आणि तेही स्वच्छतेच्या हौसेपायी. एका रविवारी फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज कढत पाण्यात ब्रशने घासून पिवळाधमक केला. खालची वाळू उकळून घेतली. टाकी कशी आरशासारखी लख्ख! शुक्रवारपर्यंत ती रिकामी झाली होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाणी लागलं त्यांना." पाणी लागलं म्हणजे नक्की काय झालं, हे ना त्याला सांगता आलं, ना मला कळलं.

आता टाकी ४ × १.५ × २ फूट, म्हणजे साधारण ३४० लिटरची. दुकानात गेलं की टॉप फिल्टर, कॅनिस्टर, सम्प, स्पंज अशी नावं अंगावर येतात. आमच्या धंद्यात जुन्या कोडला हात लावण्याआधी तो कुणी आणि का लिहिला ते बघतात. म्हटलं, फिल्टरचंही तेच करू.

तर सुरुवात लंडनमध्ये, १८४९ साली. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो वनस्पती घेईल आणि बदल्यात ऑक्सिजन देईल, असा हिशोब. पण वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि भांडं सुरळीत चालू राहिलं. १८५० साली त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेडच लागलं.

वॉरिंग्टनचा हिशोब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यात ऑक्सिजन होता, पण अमोनिया नव्हता. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. तो डोळ्यांना दिसत नाही. माझी आरशासारखी टाकी आठवा.

पुढचा माणूस विल्यम आल्फर्ड लॉइड. शास्त्रज्ञ वगैरे नव्हे, आधी बुकबाइंडिंग करणारा गडी. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं मत्स्यालय उभं राहिलं, त्याची पाण्याची व्यवस्था त्याची. तिथलं पाणी बहुतेक समुद्राचं होतं, पण युक्ती गोड्या पाण्यालाही लागू पडते. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्याने त्यांच्याहून कितीतरी मोठा, अंधारा हौद बांधला. पंप रात्रंदिवस पाणी वर चढवायचे आणि ते टाक्यांमधून वाहत पुन्हा हौदात पडायचं. पाणी फेकून द्यायचं नाही, फिरवत ठेवायचं. व्यवस्था चालायची, पण ती का चालते याचं पूर्ण उत्तर त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

त्या उत्तराचा धागा सापडला सांडपाण्यात! १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्ट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. सुरुवातीला काहीच घडेना. साधारण वीस दिवसांनी दुसऱ्या टोकाला अमोनियाऐवजी नायट्रेट यायला लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम ठप्प झालं. पुढे थोडी बागेतली माती मिसळलेलं पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे नळीत काहीतरी जिवंत होतं. १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने झुरिचला ते जिवाणू वेगळे करून दाखवले. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना बरंच सुसह्य, आणि पाणी बदललं की तेही कमी होतं.

हे वाचताना मी थांबलोच. माझ्या स्पंजवरची ती काळी घाण म्हणजे घाण नव्हती हो, ती वस्ती होती. कढत पाण्याने मी ती एका रविवारी संपवली होती.

यानंतरचे सगळे फिल्टर म्हणजे या वस्तीसाठी बांधलेली वेगवेगळी घरं. १९५०-६०च्या दशकांत अंडरग्रॅव्हल फिल्टर लोकप्रिय झाला. वाळूखाली जाळीची प्लेट असते आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वाळूतून खाली ओढलं जातं. स्वस्त आणि मस्त, पण दोनेक वर्षांत वाळू गाळाने तुंबते. १९६०च्या दशकात जर्मनीच्या एहाइम कंपनीने कॅनिस्टर आणला, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डबा. तिसरी जात, पाणी ठिबकवणारी, थेट सांडपाण्याच्या प्रक्रियेतून आली. इंग्लंडमध्ये १८९३ पासून दगडांच्या थरांवर सांडपाणी शिंपडत. हेच तंत्र १९८०च्या दशकात घरगुती टाक्यांखालच्या सम्पमध्ये आलं.

आता माझा निर्णय. ताशी टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरायला हवं, म्हणजे साधारण १५०० लिटर. हे चांगला कॅनिस्टरही करतो, आवाज न करता आणि जागा न अडवता. पण आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी चार-पाच तास लाईट जाते. बंद डब्यातल्या पाण्याचा ऑक्सिजन जिवाणू लवकरच संपवतात आणि मग गुदमरतात. वर लाईट आली की तेच नासकं पाणी टाकीत येतं. सम्प उघडा असतो. पाणी ठिबकायचं थांबलं तरी वस्ती ओली राहते आणि तिला हवा मिळते. शिवाय पाणी ८०-९० लिटरने वाढतं, म्हणजे चूक झालीच तर ती पातळ होते.

सम्पचे तोटेही आहेत. काचेला भोक पाडावं लागतं, खळखळ ऐकू येते, आणि लाईट गेल्यावर वरून उतरणाऱ्या पाण्यासाठी खाली जागा मोकळी ठेवावी लागते. नाहीतर हॉलमध्ये तळं! तरी सम्पच ठरला. कॅबिनेटच्या अंधारात टाकीखाली पाण्याचा हौद... लॉइडसाहेबांचीच योजना, फक्त त्यांचा हौद टाकीहून मोठा आणि माझा चौथ्या हिश्शाचा.

गंमत म्हणजे हा इतिहास अजून संपलेला नाही. शंभरहून अधिक वर्षं समजूत होती की अमोनियाचं नायट्रेट करायला दोन वेगळे जिवाणू लागतातच. २०१५ मध्ये हे दोन्ही टप्पे एकट्याने करणारे जिवाणू सापडले, आणि त्यातले काही चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये.

टाकी गेल्या शनिवारी भरली. मित्राच्या जुन्या टाकीतला एक मळका स्पंज मागून आणला आणि न धुता सम्पमध्ये ठेवला. रोज थेंबभर अमोनिया घालतो आणि टेस्ट किटचा रंग वहीत लिहितो. मासे एकही नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय आणायचे नाहीत, असं ठरवलंय. येणारे-जाणारे विचारतात, रिकामी टाकी कशाला चालू ठेवलीय?

रिकामी नाहीये, एवढंच सांगतो. बायको मात्र कोथिंबिरीचं बी घेऊन आली आहे.