टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील हेड गॅस्केट

मोटारगाडीच्या एंजिनाचा सिलिंडर ठोकळा आणि त्यावर बोल्टांनी आवळलेले शीर्ष यांच्या सांध्यात बसविलेल्या पातळ, सपाट व भोके असलेल्या थरास हेड गॅस्केट म्हणतात. सिलिंडरातील तप्त वायू, शीतनाचे पाणी आणि वंगण तेल यांना एकमेकांत मिसळू न देण्याचे काम या एकाच थराला करावे लागते. टर्बोचार्जर जोडलेल्या एंजिनात हे काम विशेष अवघड होते. निष्कास वायूंनी फिरणाऱ्या टरबाइनाच्या दंडावरच बसविलेला संपीडक सिलिंडरात जादा हवा कोंबतो. त्यामुळे जादा इंधन जाळता येऊन शक्ती वाढते; पण ज्वलनाचा दाब व तापमानही वाढते आणि शीर्ष ठोकळ्यापासून उचलले जाण्याची प्रवृत्ती निर्माण होते. म्हणून मोटारगाड्यांतील टर्बोचार्जरच्या प्रसाराचा इतिहास हा काही अंशी या सांध्याचाही इतिहास आहे.

इतिहास : आरंभीच्या अनेक एंजिनांत शीर्ष व सिलिंडर एकसंध ओतीत असत. त्यांना गॅस्केट लागत नसे, परंतु काजळी काढणे व झडपा घासून बसविणे अतिशय कष्टाचे होई. १९०८ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीचे शीर्ष सुटे करता येत असे. अशा रचनेमुळे दुरुस्ती सोपी झाली आणि गॅस्केट आवश्यक ठरले. तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टस घालून केलेले गॅस्केट त्या काळच्या कमी दाबाला पुरेसे होते. ते मऊ असल्याने पृष्ठभागातील लहानसहान खाचखळगे भरून निघत.

स्विस अभियंता आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचे एकस्व घेतले. तिचा उपयोग प्रथम जहाजे, रेल्वे एंजिने व विमाने यांत झाला. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबील ‘जेटफायर’ व शेव्हर्ले ‘कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर’ या टर्बोचार्जर असलेल्या गाड्या बाजारात आल्या. जेटफायरचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके मोठे ठेवलेले असल्याने इंधन अवेळी पेटून ठोके बसत. ते टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारावे लागे. मिश्रणाची टाकी भरण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष झाले व १९६३ नंतर ही गाडी बंद पडली. याउलट, शीर्ष व सिलिंडर एकसंध असलेल्या ऑफनहाउझर एंजिनाने टर्बोचार्जरसह १९६८ ची इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत जिंकून दिली. जेथे सांधाच नव्हता, तेथे गॅस्केट फुटण्याचा प्रश्न नव्हता.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये सादर केलेल्या ‘९९ टर्बो’ गाडीत दुसरा मार्ग स्वीकारला. तिचे संपीडन गुणोत्तर ७·२ इतके खाली आणले व दाब मर्यादेबाहेर जाऊ लागताच निष्कास वायू टरबाइनाला वगळून सोडून देणारी झडप बसविली. मात्र या एंजिनाचा ठोकळा बिडाचा व शीर्ष ॲल्युमिनियमाचे होते. ॲल्युमिनियमाचे औष्णिक प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असल्याने अशा एंजिनात प्रत्येक वेळी तापताना व निवताना दोन्ही पृष्ठभाग किंचित सरकतात आणि गॅस्केट घासले जाते.

द्रव्यांतील बदल : ॲस्बेस्टसाची मोठी किंमत कारागिरांना द्यावी लागली. जुने, चिकटलेले गॅस्केट कोरडे खरवडताना सूक्ष्म तंतू हवेत पसरतात. ते श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा व त्याच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तो बहुधा काही दशकांनंतर उघडकीस येतो. यूरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टसाच्या जवळजवळ सर्व उपयोगांवर बंदी आहे. त्याच्या जागी प्रथम ग्रॅफाइटाची व अन्य तंतूंची मिश्रणे आली. १९९० नंतर अगंज पोलादाच्या अनेक पातळ पत्र्यांचे गॅस्केट रूढ झाले. यातील उंचवटे स्प्रिंगसारखे दबून सांधा बंद ठेवतात. मात्र ते खडबडीतपणा झाकत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत व सपाट असावाच लागतो.

बदलण्याची पद्धती : शीतनाचे पाणी घटणे, निष्कासात पांढरी वाफ येणे, रेडिएटरात बुडबुडे दिसणे किंवा तेल दुधाळ होणे ही गॅस्केट निकामी झाल्याची प्रमुख लक्षणे होत. एंजिन पूर्ण निवल्यावर टर्बोचार्जरच्या तेलाच्या व पाण्याच्या नळ्या सोडवितात आणि शीर्षाचे बोल्ट कडेकडून मध्याकडे टप्प्याटप्प्याने सैल करतात. सरळ कडेची पोलादी पट्टी व फीलर गेज यांनी शीर्षाचा सपाटपणा तपासतात. वाकण्याची मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या दशांशाहून अधिक नसते. ॲल्युमिनियमाचा पृष्ठभाग घर्षक चकतीने साफ करू नये. सुटलेले कण तेलात जाऊन धारव्यांची हानी करतात. टर्बोचार्जरचा दंड तर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो व केवळ तेलाच्या पटलावर तोलला जातो. बोल्ट मध्यापासून कडेकडे, ठरलेल्या पिळाने व नंतर ठरलेल्या कोनातून आवळतात. असे ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरीत नाहीत.

गॅस्केट फुटण्यामागे बहुधा अतितापन, ठोके किंवा टर्बोचार्जरचा अनियंत्रित दाब यांपैकी एखादे कारण असते. ते शोधून दूर केल्याशिवाय बसविलेले नवे गॅस्केटही फार काळ टिकत नाही.