भीती कानात असते: 'हॅलोवीन', त्याचं संगीत आणि पुनर्निर्मिती

आजचा विषय भय. आम्ही सुरुवात करणार आहोत ती स्लॅशर चित्रपटांपासून. मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरा, एकामागून एक खून. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण या चित्रपटांचे आम्ही भक्त आहोत, हे आता या वयात लपवायचं कशाला? आमचा नातू विचारतो, "आजोबा, पुढे काय होणार ते माहीत असताना परत परत काय बघता?" प्रश्न रास्त आहे. रक्तपात बघण्यात कसला आलाय आनंद?

उत्तरासाठी थोडं मागं जाऊ. १९६० साली हिचकॉकचा 'सायको' आला. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमननं तरीही केवळ तंतुवाद्यांवर त्या प्रसंगाचं संगीत रचलं. ते ऐकलं आणि हिचकॉकनं मत बदललं. त्या प्रसंगात सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. जे शिरतं ते व्हायोलिन.

त्यानंतर १८ वर्षांनी जॉन कारपेंटरनं 'हॅलोवीन' केला, साधारण ३ लाख डॉलरमध्ये. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. नायिका जेमी ली कर्टिस, म्हणजे 'सायको'त न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट ली यांची मुलगी. संगीतही कारपेंटरनं स्वतःच केलं. त्यानं सांगितलेली हकिकत अशी: संगीत घालण्याआधी चित्रपट स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना भीतीच वाटली नाही! संगीत घातल्यावर तोच चित्रपट लोकांच्या अंगावर काटा आणू लागला. चित्र तेच, सुरा तोच.

असं काय होतं त्या संगीतात? पाच मात्रांचा ठेका. कारपेंटरचे वडील संगीताचे शिक्षक. त्यांनी मुलाला लहानपणी बोंगोवर हा ठेका शिकवला होता. झपताल ऐकणाऱ्या आपल्या कानांना पाचाचं अप्रूप नाही. पण चाराची सवय असलेल्या कानाला सम येणार असं वाटतं तिथे ती येत नाही. वाट पाहणं संपतच नाही. भीती म्हणजे तरी दुसरं काय?

आता पुनर्निर्मिती बघा. १९९८ साली गस व्हॅन सँटनं 'सायको' जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला, रंगीत, संगीतही हरमनचंच. सगळं आहे, पण आम्हाला तो थंड वाटला. २००७ साली रॉब झॉम्बीनं 'हॅलोवीन' नव्यानं केला. त्यानं खुन्याचं बालपण दाखवलं, घरातली भांडणं दाखवली, तो असा का झाला ते समजावलं. मूळ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या मुखवटाधाऱ्याला नुसतं 'द शेप', म्हणजे आकृती, म्हटलं होतं. आकृतीची भीती वाटते. दुखावलेल्या पोराची कीव येते.

ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेच्या संदर्भात दोन भाव सांगितले, भय आणि करुणा. झॉम्बीनं पहिला देऊन दुसरा घेतला. वाईट सौदा नव्हे, पण वस्तू निराळी. ॲरिस्टॉटल असंही म्हणतो की नाटक न पाहता, घटना नुसत्या ऐकल्या तरी थरकाप व्हावा. तो कथानकाबद्दल बोलत होता, हे खरं. पण ग्रीक प्रेक्षकांनाही इडिपसची गोष्ट आधी ठाऊक होतीच ना? तरी ते येऊन बसत.

२०१८ साली पुन्हा नवा 'हॅलोवीन' आला. संगीतासाठी कारपेंटर परतला, सोबत मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस. म्हणजे आजोबांनी बोंगोवर वाजवलेल्या पाच मात्रा नातवापर्यंत पोचल्या. चेहरे बदलले, दिग्दर्शक बदलले, ठेका राहिला.

नातवाला आम्ही एवढंच सांगितलं: डोळे मीट आणि ऐक. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "दिवा लावू का?"

प्रश्न असतील तर विचारा.