रूळ नसलेल्या मुलखाचा रेल्वेप्रवास

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत रेल्वेचे एकही स्थानक नाही. तरीही रखडलेली गाडी आणि खच्चून भरलेला डबा यांच्याशी या मुलखाचा संबंध जुना आहे. इथला माणूस पोटासाठी मुंबईला गेला किंवा देवासाठी पंढरपूरला, तरी गाडीत बसायला त्याला दुसऱ्या तालुक्यातले स्थानक गाठावे लागे. गाडीला झालेला उशीर त्यामुळे फलाटावर संपत नसे. पुढचे वाहन चुकले की तासाभराच्या उशिराची अख्खी रात्र होई.

रूळ इथवर का आले नाहीत, याचे उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे. राजगड आणि तोरणा ज्या डोंगररांगांवर उभे आहेत, त्या सह्याद्रीपासून पूर्वेकडे पसरत जातात. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांची खोरी त्यांच्यामध्ये आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड ओलांडावी लागते. पायवाटेला आणि बैलगाडीला हे जमते. वाफेच्या इंजिनाला एवढा चढ झेपणे अवघड होते. राजकीय नकाशाही वेगळा होता. हा बहुतेक मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. सुमारे ९२५ चौरस मैलांचे हे संस्थान घाटमाथ्यावर आणि सुधागड-पालीच्या बाजूने घाटाखालीही पसरलेले होते. त्याच्या राजधानीला रेल्वे कधीच मिळाली नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटातील चढाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर मुंबई आणि पुणे सलग रुळांनी जोडले गेले. इंग्रजी कागदपत्रांत या घाटाचा उल्लेख अनेकदा ‘भोर घाट’ असा येतो, पण तो खंडाळ्याचा घाट. भोर गावाशी त्याचा संबंध नाही. भोरच्या माणसाला ही गाडी पकडायची तर कापूरहोळ, खेड शिवापूर आणि कात्रजचा घाट या वाटेने पुण्याला यावे लागे. अंतर पन्नासेक किलोमीटरचे. बैलगाडीने त्यात दिवस जाई. वेल्ह्याकडचा माणूस आधी नसरापूरला उतरे किंवा पाबे घाटाने खडकवासल्याच्या बाजूला येई.

दुसरा मार्ग आला तो सदर्न मराठा रेल्वेचा. पुण्याहून मिरजेकडे जाणारी ही मीटरगेज वाट १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. पुणे-सातारा जुना रस्ता कात्रज, शिरवळ, खंबाटकी असा सरळ दक्षिणेला जातो. रेल्वेने तो सोडून पूर्वेचा वळसा घेतला. शिंदवण्याचा घाट चढून आंबळे, राजेवाडी, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद आणि तिथून आदर्कीचा घाट चढून वाठार, असा हा मार्ग आहे. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक वाठारला उतरत. भोरच्या पूर्व पट्ट्याला नीरा आणि लोणंद ही स्थानके शिरवळमार्गे त्यातल्या त्यात जवळची ठरली, तरी गाव ते स्थानक हा पल्ला लांबचाच राहिला. शिवाय मुंबईहून येणारा मार्ग ब्रॉडगेज आणि हा मीटरगेज असल्यामुळे पुण्याला गाडी बदलणे भाग होते. मुंबईची गाडी उशिरा आली की पुढची गाडी निघून गेलेली असे, आणि गाठोडी उशाला घेऊन मुसाफिरखान्यात पथारी पसरावी लागे.

वेळापत्रकाची वेळ आणि गावची वेळ यांचाही मेळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेवर चाले. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. इथल्या गावात घड्याळच दुर्मीळ. दिवस कासराभर वर आला, सावली पायाशी आली, अशा खुणांवर कामे चालत. १९०६ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि रेल्वेने ती स्वीकारली. पण लांबून येणाऱ्याच्या सवयीत फरक पडला नाही. गाडी चुकण्यापेक्षा अर्धा दिवस आधी जाऊन बसलेले बरे, हा त्याचा हिशेब होता.

गर्दीचा खरा मार तिसऱ्या वर्गाला बसे. रेल्वेचे बहुसंख्य उतारू आणि त्यांच्याकडून मिळणारे बहुतेक उत्पन्न याच वर्गाचे, पण डबे अपुरे आणि त्यांत शौचकूपाची सोय दीर्घकाळ नव्हती. जत्रेच्या दिवसांत वारकऱ्यांना मालडब्यांत भरून नेल्याच्या तक्रारी होत. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली आणि प्रवासाला आणखी एक खोळंबा जोडला गेला. तिची झळ खालच्या वर्गाच्या प्रवाशांना अधिक बसली. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याचे वर्णन लिहिले. डब्यावर २२ प्रवाशांची मर्यादा लिहिलेली होती. पुण्यापर्यंत ती पाळली गेली, पण रेल्वेच्या बंदोबस्तामुळे नव्हे. आतल्या दांडग्या उतारूंनी दार अडवून बाहेरच्यांना चढू दिले नाही म्हणून. मधल्या स्थानकावर उभ्या असलेल्या खेडूताच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ सरळ होता: गाडी वेळेवर येऊनही त्याला तिचा उपयोग नव्हता.

पुणे-मिरज मार्गावरच्या उशिराचे एक कारण मार्गाच्या रचनेतच होते. हा मार्ग एकेरी होता. दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शके, म्हणून समोरासमोरच्या गाड्या स्थानकातल्या जादा रुळावरच एकमेकींना ओलांडत. यालाच प्रवासी ‘क्रॉसिंग’ म्हणतात. भारतातल्या अनेक एकेरी मार्गांवर यासाठी लोखंडी गोळ्याची पद्धत होती. दोन्ही स्थानकांतली यंत्रे तारेने जोडलेली असत. पुढच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्यावरच इकडच्या यंत्रातून गोळा बाहेर पडे. तो कातडी पिशवीत घालून, मोठ्या कड्याला अडकवून चालकाच्या हाती दिला जाई. गोळा हाती नसेल तर गाडी हलत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. सुरक्षिततेला ही पद्धत चोख, पण एका गाडीचा उशीर ती समोरच्या गाडीलाही लावी. लोणंदकडून येणारी गाडी रखडली की पुण्याहून निघालेली गाडी एखाद्या लहान स्थानकात तिची वाट पाहत उभी राही. त्यात मेल-एक्स्प्रेसला वाट देण्याचा मान पॅसेंजरचा, म्हणजे अधिक थांबे, अधिक गर्दी आणि अधिक उशीर हे तिन्ही एकाच गाडीच्या वाट्याला येत.

दुसऱ्या महायुद्धात इंजिने, डबे आणि कोळसा लष्कराच्या कामाला लागले. प्रवासी गाड्या कमी झाल्या, उरलेल्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. रस्त्यावरच्या खाजगी सर्व्हिस मोटारींनाही पेट्रोलची टंचाई भासली. काही मोटारी कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या.

१९४८ साल या मुलखाला दुहेरी बदलाचे ठरले. ८ मार्चला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एसटी भोरला आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत पोहोचली. रेल्वेने न जोडलेले गाव आणि स्थानक तिने जोडले. पण दोन सेवांची वेळापत्रके स्वतंत्र होती. संध्याकाळी पुण्याहून सुटून रात्री शेवटच्या गावी थांबणारी आणि पहाटे परतणारी मुक्कामी गाडी हा डोंगरातल्या गावांचा आधार. मुंबईची गाडी घाटात रखडली म्हणून ती थांबणार नसे. ती गेली की चाकरमानी पुण्याच्या स्वारगेटला रात्र काढी, किंवा मिळेल त्या वाहनाने नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर उतरून पुढे पायी निघे. गर्दीही डब्यातून उतरून एसटीत चढली. गावच्या जत्रेला आणि होळीला गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, टोपी, कधी पिशवी आसनावर पडे आणि मग त्या रुमालाच्या हक्कावरून वाद होत.

नंतरच्या काळात रेल्वेत पुष्कळ सुधारणा झाल्या. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पुण्याला सक्तीने गाडी बदलणे संपले. मे १९७४ च्या रेल्वे संपाने वीस दिवस वाहतूक विस्कळीत झाली. त्याच वर्षी तिसरा वर्ग कागदोपत्री संपला आणि दुसरा वर्ग हाच सर्वांत खालचा ठरला. गर्दी तीच राहिली. अलीकडे दुहेरीकरणाच्या कामामुळे क्रॉसिंगचा खोळंबा घटला. कोकणच्या बाजूला कोकण रेल्वेमुळे महाडजवळ वीर स्थानक झाले, परंतु भोरहून तिकडे जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो.

वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद झाल्यापासून इथला प्रवास मुख्यतः रस्त्यावर आला आहे. नसरापूर-वेल्हे, कापूरहोळ-भोर या फाट्यांवर एसटीच्या जोडीला वडापच्या जीपगाड्या चालतात. त्या वेळापत्रकावर नव्हे, तर माणसे भरल्यावर सुटतात. २०२१-२२ च्या लांबलेल्या एसटी संपात अशाच वाहनांवर या खोऱ्यांची भिस्त होती. मुंबईहून येणाऱ्याचा प्रवास मात्र आजही रेल्वे, एसटी आणि जीप असा तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकड्याचा कारभार वेगळा, आणि एकाच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्यावर नाही. मार्ग रुंदावले, इंजिने बदलली, वर्गांची नावे गेली, तरी तुकडे जोडण्याचे काम प्रवाशाकडेच राहिले. उशीर आणि गर्दी यांचा सर्वाधिक भार रुळांपासून दूरच्या गावांवर पडत आला, तो त्यामुळे.