गावसभेत अणुबॉम्बचा ठराव

ग्रामसभेत बाई बोलायला उठली की कुणीतरी म्हणतंच, "हा आपला विषय नाही, हे वरचे लोक बघतील." म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा इतिहास सांगणार आहोत.

व्हरमाँट हे खेड्यापाड्यांचं छोटं राज्य. तिथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी सभा भरते. मतदार एकत्र बसतात, रस्ते आणि शाळा यांच्या खर्चावर बोलतात आणि तिथेच मत देतात. आपल्या ग्रामसभेसारखंच.

त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्याकडे हजारो अण्वस्त्रं होती, तरी दोघंही आणखी बनवत होते. रँडल फोर्सबर्ग या अमेरिकन बाई स्वीडनमधल्या शांतता संशोधन संस्थेत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि पुढे शस्त्रांच्या अभ्यासक झाल्या. १९८० मध्ये त्यांनी सोप्या शब्दांत मागणी मांडली: दोन्ही देशांनी एकाच वेळी थांबावं. नव्या अण्वस्त्रांची चाचणी नको, उत्पादन नको, तैनाती नको. आणि समोरचा खरंच थांबला का, हे तपासता यावं.

ही मागणी कार्यकर्त्यांनी गावसभांपुढे नेली. गावसभेने गावापुरतंच बोलावं, असं म्हणणारे तिथेही होते. पण बॉम्ब पडला तर गाव वाचणार नाही आणि त्याचा खर्च आपल्याच करातून जातो, हे लोकांना पटलं. मार्च १९८२ मध्ये व्हरमाँटच्या दीडशेहून अधिक गावांनी ठराव मंजूर केला. त्याच वर्षी १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं जमली. नोव्हेंबरमध्ये नऊ राज्यांत यावर मतदान झालं, त्यातल्या आठ राज्यांनी होकार दिला.

मैत्रिणींनो, या ठरावांना कायद्याचं बळ नव्हतं. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात हा प्रस्ताव फक्त दोन मतांनी पडला. पुढच्या वर्षी तिथे तो मंजूर झाला, पण सिनेटने नाकारला. म्हणजे मागितलं तसं पूर्ण मिळालं नाही. तरी लोकांना काय हवंय, हे सरकारला दिसलं होतं. ८ डिसेंबर १९८७ रोजी दोन्ही देशांनी करार केला आणि त्यानुसार अडीच हजारांहून जास्त क्षेपणास्त्रं मोडली गेली. हे एकट्या गावसभांमुळे झालं नाही. पण त्या गप्प बसल्या नव्हत्या.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. येत्या सभेआधी बचत गटाच्या बैठकीत एवढं बोला: निर्णय गावाबाहेर होतो, पण झळ आपल्या घराला बसते, असा कोणता विषय आहे? तो ठरावात लिहून घ्या, आणि इतिवृत्तात आला की नाही, ते वाचूनच सही करा.