सामाईक विहीर, सामाईक संगणक

१/१२
सातबाऱ्यावर ‘सामाईक विहीर’ अशी नोंद असते. विहीर एक, हिस्सेदार अनेक. म्हणून वार ठरतात आणि मोटार कोणी केव्हा चालू करायची, तेही ठरते. आजचे विद्यार्थी ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात, त्याचा इतिहास याच व्यवहाराचा आहे. यंत्र कोणाच्या दारी आणि पाळी कोणाची, या दोन प्रश्नांभोवती तो फिरतो.

२/१२
प्रारंभ मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी १९६० मध्ये एक संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगणक उभा केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. हजारो निर्वात नळ्यांच्या या यंत्राची स्मृती अवघी २०४८ शब्दांची होती.

३/१२
१९६४ मध्ये याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकी संगणक आला. देशभरातील संशोधन संस्थांची गणिते त्यावर सुटू लागली. रीत मात्र रांगेची होती. आज्ञावली छिद्रपत्रांवर उतरवायची, गठ्ठा चालकाच्या हाती द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. एखादे छिद्र चुकले, तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

४/१२
दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर मार्गावरील गाव. कुलाबा तेथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. त्या काळात गणिताची आवड असलेल्या ग्रामीण मुलाला संगणकापर्यंत पोहोचायचे, तर आधी मोठे शहर, मग मोठी संस्था आणि मग रांग, अशा तीन पायऱ्या होत्या.

५/१२
रांगेवरचा उपाय अमेरिकेत आकाराला येत होता. संगणकाचा वेग इतका, की क्षणाचा एक तुकडा एकाला, पुढचा दुसऱ्याला दिला, तर प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच वाटेल! हे ‘कालविभाजन’. एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. दूरध्वनीप्रमाणे संगणनही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे जॉन मॅकार्थी यांनी त्याच वर्षी सांगितले होते.

६/१२
वाटणी आली की कुंपणही येते. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात, म्हणून या प्रणालीत पासवर्ड आला. १९६२ मध्ये अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचे तास अपुरे पडू लागले. त्याने पासवर्डांची संपूर्ण यादीच छापून घेतली आणि इतरांच्या वाट्याचा वेळ वापरला. सामाईक विहिरीवरचे भांडण संगणकातही पोहोचले होते.

७/१२
अभ्यासक्रमासाठी सामाईक संगणक ही कल्पना डार्टमथ महाविद्यालयात रुजली. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांचा आग्रह होता, की केवळ विज्ञानाच्या नव्हे, साहित्याच्या विद्यार्थ्यालाही संगणक हाताळता आला पाहिजे. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता तेथे ‘बेसिक’ भाषेतील आज्ञावली दोन टर्मिनलांवरून एकाच वेळी चालल्या. भाषा सोपी आणि दार उघडे : दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या.

८/१२
भारतात १९७० च्या दशकात मुंबईच्या राष्ट्रीय केंद्रात ‘डेक-१०’ या संगणकावर कालविभाजन सुरू झाले. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प उभा राहिला आणि त्याने शिक्षणसंस्था एकमेकींशी जोडण्यास आरंभ केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. यंत्र जागेवरच राहिले. तार मात्र लांबत गेली.

९/१२
२००६ मध्ये अॅमेझॉनने दूरस्थ संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २०१३ मध्ये गणितज्ञ विल्यम स्टाइन यांनी ‘सेजमॅथक्लाउड’ सुरू केले. २०१७ पासून त्याचे नाव ‘कोकॅल्क’. येथे एकच वही अनेक विद्यार्थी एकाच वेळी लिहितात, शिक्षक गृहपाठ वाटतात आणि गोळा करतात, आणि प्रत्येक बदलाची नोंद मागे जाऊन पाहता येते. खाडाखोड जपणारी वही शाळेत कधी मिळाली नव्हती.

१०/१२
महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरणही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात ठिकठिकाणच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे ‘सायलॅब’मध्ये उतरवली. ‘सायलॅब ऑन क्लाउड’वर ती ब्राउझरमध्येच चालवता येतात, काहीही स्थापित न करता. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने असे धडे मराठीतही दिले.

११/१२
आरंभ करणाऱ्याने पुढील क्रम पाळावा. खाते उघडावे. एका विषयासाठी एकच प्रकल्प निर्माण करावा. सोबत्यांना त्यांच्या स्वतःच्या खात्याने जोडावे; पासवर्ड वाटू नये, शेरची कथा आठवावी. कोणता भाग कोणी लिहायचा, हे आधी ठरवावे. मोफत सेवांत उसने मिळालेले यंत्र काही काळाने काढून घेतले जाते आणि त्यावरच्या तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात. म्हणून प्रत प्रत्येक वेळी आपल्याकडे उतरवून ठेवावी. पाळी संपण्यापूर्वी हौद भरून घेणारा शेतकरी हेच करतो.

१२/१२
‘क्लाउड’ आकाशात नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबई येथे, तर अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे उघडली. म्हणजे यंत्र आजही तिकडेच आहे. मंद्रूपच्या विद्यार्थ्यासाठी चारशे किलोमीटरांचे अंतर मिटले, ते वीज आणि नेटवर्क असेपर्यंतच. मोफत पाळी छोटी आहे आणि मोठ्या यंत्राला पैसे पडतात. रांग दिसेनाशी झाली, संपलेली नाही. ज्याला तिचा इतिहास ठाऊक आहे, तोच आपला वाटा मागू शकतो आणि मिळालेल्या वाट्यात दुसऱ्याला सामावूनही घेऊ शकतो.