विसराळू सर्व्हर आणि त्याचा बिल्ला

देवळाबाहेर चपला सांभाळणारा आपला चेहरा लक्षात ठेवत नाही. तो क्रमांकाचा बिल्ला देतो. वेबचा सर्व्हरही असाच विसराळू. प्रत्येक मागणी त्याला नवीच. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी युक्ती काढली : सर्व्हरने मजकुराचा छोटा तुकडा द्यावा आणि ब्राउझरने तो पुढच्या मागण्यांबरोबर परत पाठवावा. हीच 'कुकी'. नेटस्केपचा ब्राउझर कुकी साध्या मजकूर-फाइलीत ठेवी. एका ओळीत एक कुकी, तिचे सात रकाने.

१९९८ साली स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी 'कर्ल' हे आज्ञा टाइप करून वेबवरून माहिती मागवण्याचे साधन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यात कुकींची सोय आली. २००८ मध्ये नेटस्केप ब्राउझरचा सांभाळ थांबला. त्या फाइलीची मांडणी मात्र कर्ल आजही वाचते आणि लिहिते.

आता गंमत पाहा. ब्राउझरमधून एकदा प्रवेश केल्यावर मिळालेली कुकी कर्लला दिली, तर सर्व्हर बहुधा परवलीचा शब्द न विचारताच आत घेतो. तो बिल्ला पाहतो, माणूस नव्हे! मग बिल्ला चोराच्या हाती पडला तर? म्हणून विद्यार्थ्यांना जरूर सांगावे : कुकींची फाइल परवलीच्या शब्दाइतकीच जपायची असते.